थेंब डोळ्यात राहत नाही

३ जानेवारी १९०९ रोजी काठेवाडातल्या गोंडल संस्थानात एक स्कॉटिश डॉक्टर वारला. वय एकाहत्तर, पाहुणा म्हणून आलेला. नदीकाठी त्याचं दहन झालं आणि चितेला अग्नी दिला खुद्द गोंडलचे राजे भगवतसिंहजी यांनी. भगवतसिंहजी स्वतः एडिंबरोत वैद्यक शिकलेले. भारतीय वैद्यकाच्या इतिहासावर त्यांनी इंग्रजीत एक पुस्तकही लिहिलं. त्यांचा हा पाहुणा एडिंबरोचा नावाजलेला नेत्रतज्ज्ञ होता. नाव डग्लस अर्गाइल रॉबर्टसन.

वैद्यकाचे विद्यार्थी हे नाव एका विशिष्ट प्रकारच्या बाहुलीमुळे पाठ करतात. मला तो वेगळ्याच कारणाने सापडला. विरारजवळ आगाशीला आमच्या घरी आजी काचबिंदूसाठी रोज रात्री डोळ्यांत औषध घालते. त्या औषधाची वंशावळ शोधत मागे मागे गेलं, की १८६३ मध्ये हा माणूस भेटतो. आफ्रिकेतल्या एका विषारी बीचा अर्क त्याने स्वतःच्याच डोळ्यात घातला होता आणि काय होतंय ते टिपून ठेवत होता.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यात 'साइड इफेक्ट' या शब्दाला नेमका अर्थ आहे. एखाद्या फंक्शनला एक काम सांगितलं, ते त्याने केलं, पण जाता जाता स्वतःच्या हद्दीबाहेरचंही काहीतरी बदललं, तर त्याला साइड इफेक्ट म्हणतात. काचबिंदूच्या थेंबांचा दीडशे वर्षांचा इतिहास वाचताना मला सारखी हीच व्याख्या आठवत राहिली. थेंब डोळ्यात पडतो, पण डोळ्यात राहत नाही. तो आणखी कुठे कुठे जातो, हे माणसांना एकेक करून कळत गेलं. आज डॉक्टर दोन मिनिटांत ज्या सूचना देतात, त्यांतली बरीचशी कुणाच्या ना कुणाच्या त्रासातून आलेली आहे.

काच, मंथ आणि तुंबलेलं पाणी

आधी नावाबद्दल. सुश्रुतसंहितेत 'काच' हा शब्द येतो तो 'तिमिर' नावाच्या दृष्टिविकाराची पुढची पायरी म्हणून. त्याच्याही पुढची पायरी 'लिंगनाश', म्हणजे ढोबळमानाने आपला पिकलेला मोतीबिंदू. मराठीत मात्र काचबिंदू हा शब्द ग्लॉकोमाला चिकटला. ग्रीकांचंही असंच झालं. 'ग्लाउकोस' म्हणजे निळसर-हिरवट-राखाडी. बाहुली तशी दिसली की ते नाव द्यायचं, मग आत मोतीबिंदू असो की काचबिंदू. कित्येक शतकं दोन्ही आजार एकाच नावाखाली वावरले.

सुश्रुताने 'अधिमंथ' नावाचा एक विकार सांगितला आहे. डोळा रवीने घुसळल्यासारखा दुखतो, अर्धं डोकं ठणकतं आणि इलाज झाला नाही तर काही रात्रींत दृष्टी जाते. आज ज्याला अचानक दाब वाढणारा काचबिंदू म्हणतात, त्याच्याशी हे वर्णन बरंच जुळतं. पण जास्त माणसांना होतो तो दुसरा, मुकाट प्रकार. तो दुखत नाही, खुपत नाही, डोळा लालही होत नाही. रोग्यालाच पत्ता नसतो, तर वैद्य वर्णन कशाचं करणार?

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो, मिनिटाला साधारण दोन मायक्रोलिटर. तो कडेच्या एका बारीक जाळीतून बाहेर जातो. नालासोपाऱ्याचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचं समजवायला नको. पाणी येणं थांबत नाही आणि जायला वाट राहत नाही. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागच्या दृष्टिनसेचे तंतू हळूहळू मरतात. आधी कडेची नजर जाते. मेंदू त्या रिकाम्या जागा स्वतःच भरून काढतो, त्यामुळे माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. मेलेले तंतू परत येत नाहीत. सर्व औषधांचा हेतू एकच, उरलेले वाचवायचे.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू होता. दक्षिण भारतात घरोघरी जाऊन केलेल्या पाहण्यांमध्ये आजार सापडलेल्या बहुसंख्य लोकांना तो आपल्याला आहे हे ठाऊकच नव्हतं. आंध्र प्रदेशातल्या पाहणीत तर असे लोक नव्वद टक्क्यांहून जास्त निघाले.

न्यायनिवाड्याची बी

आजच्या नायजेरियात कालाबार नावाचं बंदर आहे. तिथले एफिक लोक गुन्ह्याचा निवाडा एका वेलीच्या बीने करत. आरोपीला बी वाटून पाजायची. उलटी होऊन वाचला तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. स्कॉटिश मिशनऱ्यांमार्फत या बिया एडिंबरोला पोचल्या. १८५५ मध्ये तिथल्या रॉबर्ट क्रिस्टिसन या प्राध्यापकाने विषाची परीक्षा म्हणून बीचा तुकडा स्वतः खाल्ला. गरगरायला लागल्यावर त्याने दाढीचं साबणपाणी पिऊन उलटी काढली आणि बचावला.

त्याचा विद्यार्थी टॉमस फ्रेझर याने १८६२ मध्ये याच बीवर प्रबंध लिहिला. हिच्या अर्काने बाहुली आकसते, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने ते मित्राला सांगितलं आणि तो मित्र म्हणजे अर्गाइल रॉबर्टसन. तोवर डॉक्टरांकडे बाहुली मोठी करणारं औषध होतं, लहान करणारं नव्हतं. मोठी करणारं म्हणजे अॅट्रोपिन. बेलाडोनात ते असतं आणि आपल्याकडे उकिरड्यावर उगवणाऱ्या धोत्र्यातही.

धोत्र्याचा आणि आमच्या भागाचा एक लांबचा धागा आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. धोत्रा चारून मालकाला भ्रमिष्ट करायचं आणि घर लुटायचं, हा चोरांचा उद्योग त्याने त्यात नोंदवला आहे. या ओर्ताकडे मुंबई बेट भाडेपट्ट्याने होतं आणि त्या काळी मुंबईचा कारभार वसईच्या हाताखाली चाले.

ज्या डोळ्यात पाण्याची वाट आधीच अरुंद आहे, तिथे बाहुली मोठी झाली की रंगीत पडद्याची घडी जाळीवर येते आणि वाट बंद होऊ शकते. म्हणजे अॅट्रोपिनचा थेंब अशा डोळ्यात अधिमंथ पेटवू शकतो. म्हणूनच तपासणीसाठी किंवा दुसऱ्या कुणासाठी दिलेला बाहुली मोठी करणारा थेंब घरी आपल्या मनाने कधीच वापरायचा नाही. सर्दीच्या आणि प्रवासात मळमळू नये म्हणून घ्यायच्या काही गोळ्यांच्या कागदावरही काचबिंदूबद्दल ताकीद छापलेली असते, ती याच कारणाने.

१८६४ मध्ये कालाबारच्या बीतून फायसोस्टिग्मिन वेगळं काढलं गेलं. १८७६ मध्ये लुडविग लाक्यूर या नेत्रतज्ज्ञाने ते काचबिंदूवर वापरून दाखवलं. त्याला स्वतःलाच काचबिंदू होता. त्याआधी काचबिंदूवर खात्रीचा म्हणावा असा इलाज एकच होता, १८५७ मध्ये अल्ब्रेख्त फॉन ग्रेफेने मांडलेली शस्त्रक्रिया. आता प्रथमच बाटलीतून इलाज होऊ लागला. पाठोपाठ ब्राझीलच्या जाबोरांदी झुडपातलं पायलोकार्पिन आलं आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षं तेच मुख्य औषध राहिलं. शस्त्रक्रियाही चालूच होत्या. रॉबर्टसन गोंडलला वारला त्याच १९०९ मध्ये मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात रॉबर्ट एलियट डोळ्याला सूक्ष्म भोक पाडून पाणी वाहतं करण्याची पद्धत रुळवत होता.

पायलोकार्पिनचा जाच मोठा होता. दिवसातून चार वेळा घालायचं, भुवईच्या वर दुखायचं, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी व्हायची आणि संध्याकाळी अंधुक दिसायचं. ज्या आजारात काहीच त्रास जाणवत नाही, त्यावरचं औषध रोज त्रास देणार. मग लोक ते घालत होते का?

१९८६ मध्ये मायकेल कास आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याचं उत्तर प्रसिद्ध केलं. त्यांनी रुग्णांना पायलोकार्पिनच्या बाटल्या दिल्या आणि त्यांच्यावर प्रत्येक वापराची वेळ नोंदवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवलं. रुग्णांच्या सांगण्यानुसार त्यांनी सरासरी ९७ टक्के डोस घेतले होते. यंत्राच्या नोंदीत भरले ७६ टक्के. आमच्या ऑफिसात असा फरक दिसला तर आम्ही यूजरला खोटारडा म्हणत नाही, सिस्टीम कुठे जड जाते ते बघतो. डॉक्टरांनीही तेच केलं. दिवसातून कमीत कमी वेळा घालावं लागेल, अशा औषधाचा शोध सुरू होताच.

डोळ्यातून छातीपर्यंत

अशा औषधांतलं पहिलं मोठं नाव टिमोलॉल. ब्रिटनमध्ये जेम्स ब्लॅकने हृदयावरचा ताण कमी करणारी बीटा-ब्लॉकर औषधं शोधली. त्या कामाचा वाटा असलेलं नोबेल त्याला १९८८ मध्ये मिळालं. ही औषधं घेणाऱ्यांच्या डोळ्यातलाही दाब उतरतो, हे १९६० च्या दशकात लक्षात आलं. मग १९७८ मध्ये अमेरिकेत टिमोलॉलच्या थेंबांना परवानगी मिळाली. पायलोकार्पिन मोरी मोकळी करायचं, टिमोलॉल नळ बारीक करतं. बाहुली जशीच्या तशी, भुवई दुखत नाही, दिवसातून एक-दोनदा घातलं की झालं. डॉक्टर आणि रुग्ण दोघेही खूश झाले.

आणि मग पत्रं येऊ लागली. दमेकऱ्यांना डोळ्यात थेंब घातल्यावर धाप लागत होती. कुणाची नाडी मंदावत होती, कुणी चक्कर येऊन पडत होतं. पहिल्या सात वर्षांत श्वसनाचे आणि हृदयाचे ४५० गंभीर प्रसंग अमेरिकी यंत्रणांकडे नोंदले गेले. त्यांत ३२ मृत्यू होते.

एका थेंबात टिमोलॉल असतं जेमतेम पाव मिलिग्रॅम. मग इतका परिणाम कसा? उत्तर डोळ्याच्या रचनेत आहे. पापणीच्या आत जागा असते फार तर ३० मायक्रोलिटरची आणि बाटलीतून पडणारा थेंब असतो ३० ते ५० मायक्रोलिटरचा. उरलेलं गालावर ओघळतं, नाहीतर नाकाजवळच्या कोपऱ्यातल्या छिद्रातून अश्रूंच्या नळीत जातं. रडताना नाक का गळतं, ते याच नळीमुळे. नाकाच्या आतल्या ओल्या त्वचेतून औषध थेट रक्तात शिरतं. गोळी गिळली तर ती आधी यकृतातून जाते आणि तिथे तिचा बराच भाग निकामी होतो. थेंबाच्या वाटेवर तो टोलनाका लागतच नाही.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी घरात कळलं.

आजीला काचबिंदू आहे आणि जुना दमाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दम्याचा विचार करूनच औषध दिलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात नेहमीच्या मेडिकलमध्ये ते संपलं होतं. कामावरून येताना काकाने स्टेशनजवळच्या दुसऱ्या दुकानातून बाटली आणली. नाव तेच, खोका त्याच रंगाचा, फक्त नावाच्या शेवटी एक अक्षर जास्त. काकाने विचारलंही. काउंटरवरचा म्हणाला, "हे त्याच्याहून भारी आहे, यात दोन औषधं आहेत." त्यातलं दुसरं औषध टिमोलॉल होतं.

तिसऱ्या रात्री आजीला धाप लागली. उशांना टेकून ती पहाटेपर्यंत बसून होती. घरात सगळ्यांचं मत पडलं की हवा ओली आहे, दमा उठला. सकाळी छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळ्या विचारल्या, पंप विचारला आणि मग म्हणाले, "आजी, डोळ्यांत काही घालता का?"

"घालते की," आजी म्हणाली. "पण ते डोळ्याचं आहे, डॉक्टर. छातीचं नाही."

डॉक्टरांनी बाटली मागवली, बारीक अक्षरं वाचली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. त्याच दिवशी औषध बदललं. चार-पाच दिवसांत आजीचा श्वास ताळ्यावर आला. त्या डॉक्टरांनी डोळ्यांबद्दल विचारलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही फार करत नाही.

त्या एका जास्तीच्या अक्षरालाही इतिहास आहे. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे तर ते बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट देता येई. त्यामुळे आपल्या कंपन्यांनी तीच औषधं वेगळ्या पद्धतीने आणि खूप स्वस्तात बनवली. २००५ मध्ये कायदा बदलला, पण तोवर आपला औषधउद्योग जगभर पोचला होता. आजीचं औषध आम्हाला परवडतं ते या धोरणामुळे. त्याच धोरणातून एकेका औषधाची डझनावारी ब्रँड-नावं आली आणि दोन औषधं एकत्र केली की नावापुढे अक्षर जोडायची रीतही रुळली. म्हणून खोक्यावरचं मोठं नाव बघून भागत नाही. त्याखाली बारीक अक्षरांत छापलेलं औषधाचं मूळ नाव वाचावं लागतं. '-ओलॉल' ने संपणारं काही दिसलं आणि घरच्या माणसाला दमा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर बाटली उघडण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.

सशाचा डोळा आणि लांब पापण्या

टिमोलॉलनंतरची मोठी उडी मारली लास्लो बिटो या शास्त्रज्ञाने. तो मूळचा हंगेरीचा, १९५६ च्या उठावानंतर देश सोडून अमेरिकेत आलेला. प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांनी डोळ्याला सूज येते आणि दाब वाढतो, असं तेव्हाचं पक्कं मत होतं. कोलंबिया विद्यापीठात बिटो आणि त्याचा तरुण सहकारी कार्ल कॅम्रस यांनी मात्रा अगदी कमी करून पाहिली. १९७७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की सशाच्या डोळ्यात दाब उलट उतरतो. लोकांना हे पटायला वेळ लागला. स्वीडनमधल्या फार्मासिया कंपनीने त्यावर काम केलं आणि १९९६ मध्ये लॅटानोप्रोस्ट अमेरिकेत बाजारात आलं. रोज एकच थेंब, तोही रात्री. नळ आणि मोरी तशीच ठेवून हे औषध पाण्याला तिसरी वाट काढून देतं. पुढे बिटो हंगेरीला परतला आणि कादंबऱ्या लिहू लागला.

साइड इफेक्ट इथेही आहेत. डोळा लालसर होतो, डोळ्याचा रंग गडद होऊ शकतो, डोळ्यांभोवतीची कातडी काळवंडते आणि पापण्या लांब होतात. शेवटच्या परिणामाची तर जाहिरात झाली. याच कुळातलं बिमाटोप्रोस्ट २००८ मध्ये अमेरिकेत पापण्या वाढवायला म्हणून मंजूर झालं. इन्स्टावर पापण्यांचं सीरम दिसलं, तर त्यात काय आहे ते वाचून घ्या. काचबिंदूचं औषध निरोगी डोळ्याला लावणं हा सौंदर्यप्रसाधनाचा प्रकार नाही.

औषध वेळेवर घेतल्याने खरंच फरक पडतो का? २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. डोळ्यातला दाब वाढलेला, पण नस अजून शाबूत, अशा दीड हजारांहून जास्त लोकांपैकी निम्म्यांना थेंब दिले. पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी साडेनऊ टक्के लोकांना काचबिंदू झाला, घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. त्या अभ्यासाचा प्रमुख होता बाटल्यांवर यंत्र बसवणारा तोच मायकेल कास.

चिठ्ठी कशासाठी

आपल्याकडे औषध चिठ्ठीशिवाय मिळू नये, हा विचार फार जुना नाही. ब्रिटिश काळात बाजारात वाटेल ते औषध म्हणून विकलं जात होतं. १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून १९४० चा औषध कायदा आणि १९४५ चे नियम आले. त्यांतल्या 'शेड्यूल एच' मधली औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि खोक्यावर तशी ताकीद छापायची, असा नियम आहे.

कायद्याने सगळं निभावत नाही, हे मुंबईने १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पाहिलं. जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेल्या १४ रुग्णांचा मूत्रपिंडं निकामी होऊन मृत्यू झाला. ग्लिसरीन पोटात देण्याचा उपयोग म्हणजे कवटीतला किंवा डोळ्यातला वाढलेला दाब झपाट्याने उतरवणं. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचं विष मिसळलेलं निघालं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी साखळी उघडी केली आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावं लागलं.

२०२३ मध्ये उलट दिशेने बातमी आली. चेन्नईजवळच्या एका कारखान्यात बनलेल्या 'कृत्रिम अश्रूं'च्या थेंबांशी अमेरिकेत जिवाणूंच्या संसर्गाची साथ जोडली गेली. तिथल्या आरोग्य यंत्रणेच्या नोंदीत ८१ रुग्ण होते. १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला, चौघे दगावले. ते थेंब अनेकदा वापरायच्या बाटलीत होते आणि त्यांत जंतू वाढू न देणारं रसायन नव्हतं. बाटलीचं टोक पापणीला लावायचं नाही, उघडल्याची तारीख लिहून ठेवायची आणि छापलेली मुदत संपली की उरलेलं औषध टाकायचं, या कंटाळवाण्या सूचनांना त्या बातमीने वजन आलं.

चिठ्ठीचा सगळ्यात मोठा मुद्दा तरुणांशी निगडित आहे. त्याच २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे आले होते. अशा साथीत लोक मेडिकलमध्ये जाऊन 'डोळे आल्याचा ड्रॉप' मागतात. अशा काही बाटल्यांत अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड असतं. त्याने लाली झटक्यात उतरते, म्हणून पुढच्या वेळी लोक तेच मागतात. अॅलर्जीने डोळे खाजणाऱ्या मुलांच्या घरी तर ही बाटली महिनोन्‌महिने चालते. पण स्टेरॉइडच्या थेंबांनी डोळ्यातला दाब वाढतो, हे १९५० च्या दशकातच कळलं होतं. १९६० च्या दशकातल्या प्रयोगांत काही आठवडे स्टेरॉइड घातल्यावर साधारण तिसऱ्या हिश्शाच्या लोकांचा दाब लक्षणीय चढला, थोड्यांचा तर फारच. डोळा छान पांढरा दिसत असतो आणि आत नस मरत असते. विशी-पंचविशीत होणारा हा काचबिंदू विकत घेतलेला असतो आणि तो टाळता येतो.

दोन मिनिटं

इतकं सगळं वाचल्यावर डॉक्टरांच्या सूचनांकडे मी वेगळ्या नजरेने बघते.

हात धुवायचे आणि बाटलीवरचं मूळ नाव वाचायचं. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढायची आणि थेंबानंतर पंधरा मिनिटांनी घालायची. मान मागे, खालची पापणी जरा ओढून झालेल्या खोबणीत एकच थेंब. दुसरा घातला तर तो डोळ्यात मावतच नाही, फक्त नाकाकडे जास्त जातो. मग डोळा अलगद मिटायचा. मिचकावलं की अश्रूंची नळी पंपासारखी औषध ओढून घेते. नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटं हलका दाबून धरायचा. १९८४ मध्ये टॉम झिमरमन आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं की असा कोपरा दाबून धरल्याने रक्तात जाणारं औषध अर्ध्याहून जास्त कमी होतं. डोळ्यात औषध जास्त वेळ टिकतं ते वेगळंच. दोन प्रकारचे थेंब असतील तर मध्ये निदान पाच मिनिटं थांबायचं, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घालायचा नाही.

साठवणही औषधागणिक वेगळी असते. लॅटानोप्रोस्टच्या बऱ्याच बाटल्या उघडेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायच्या असतात. आमच्याकडे मे महिन्यात वीज गेली की हा विषय निघतोच, म्हणून आम्ही एका वेळी एकच बाटली आणतो. आणि ब्रिमोनिडिन असेल तर ती लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची. तान्ह्या बाळांना त्या थेंबांनी गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो.

दात काढायला गेलो तरी 'चालू औषधं' विचारल्यावर थेंबांचं नाव सांगायचं. त्रास झाला तर मनाने बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. पर्यायी औषधं बरीच आहेत. फक्त धाप लागली, चक्कर येऊन पडायला झालं किंवा डोळा भयंकर दुखून लाल झाला, दिव्यांभोवती इंद्रधनुष्यी कडी दिसली आणि उलट्या होऊ लागल्या, तर फोनवर वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठायचं. यातला शेवटचा प्रकार म्हणजे सुश्रुताचा अधिमंथ.

काचबिंदू घराण्यात उतरतो. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला असेल तर आपला धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. चष्म्याच्या दुकानातलं कॉम्प्युटरवरचं नंबर तपासणं यासाठी पुरेसं नाही. दाब मोजून, बाहुलीतून नस बघून घ्यावी लागते. आमच्याकडे बाबांची आणि काकाची तपासणी झाली, दोघांच्या नसा सध्या चांगल्या आहेत, वर्षाने पुन्हा बोलावलं आहे. तुमच्या घरी कुणाच्या उशाशी अशी बाटली असेल, तर आज तिच्यावरचं बारीक अक्षरांतलं नाव वाचा आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा. रात्री-बेरात्री एखादा डॉक्टर 'डोळ्यांत काय घालता?' असं विचारेल, तेव्हा दाखवायला तो हाताशी असेल.